लिस्बनचा राजा आणि वसईचे भात

वसईचा किल्ला पाहायला आलेली माणसे हमखास एक प्रश्न विचारतात, "राजाचा वाडा कुठे होता?" किल्ल्यात चर्चच्या कमानी आहेत, मठांच्या ओवऱ्या आहेत, कप्तानाच्या घराचे अवशेष आहेत, राजाचा वाडा मात्र नाही. तो असणारही नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, वसई पोर्तुगालच्या राजाच्या नावाने चालली. पण या काळात त्या गादीवर बसलेला एकही राजा वसईला तर सोडाच, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही उतरला नाही. राजा होता लिस्बनला, आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या सहा महिन्यांच्या समुद्रवाटेच्या पलीकडे. आणि तरीही आगाशीच्या किंवा सोपाऱ्याच्या खळ्यात भाताची रास पडली, की त्यातला वाटा त्याच्या नावाने मोजला जाई. हे कसे जमत होते आणि कुठवर जमत होते, याविषयी आज मला बोलायचे आहे.

शाळा-कॉलेजांत 'युरोपातील अनियंत्रित राजेशाही' असा एक धडा असतो. मी तो बरीच वर्षे शिकवला. त्यात फ्रान्सचा चौदावा लुई असतो, व्हर्सायचा राजवाडा असतो आणि "राज्य म्हणजे मीच" हे लुईच्या तोंडी घातलेले वाक्य असते. लुई असे म्हणाल्याचा त्याच्या काळातला कसलाही पुरावा नाही. पण वाक्य इतके चपखल, की ते काही केल्या मरत नाही. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मनात एक चित्र पक्के होते: सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातले राजे सर्वशक्तिमान झाले, त्यांनी बोट दाखवायचे आणि काम व्हायचे. आपल्या वसईचा इतिहास नीट पाहिला, तर या चित्राला बरेच तडे जातात.

मुळात 'अनियंत्रित' या शब्दाचा अर्थ काय? जाँ बोदँ नावाच्या फ्रेंच कायदेपंडिताने १५७६ साली सार्वभौम सत्तेवर मोठा ग्रंथ लिहिला. राजाने केलेल्या कायद्याला राजा स्वतः बांधील नसतो, असे त्याने त्यात मांडले. मात्र ईश्वराचा आणि निसर्गाचा कायदा त्यालाही सुटत नाही आणि प्रजेची मालमत्ता त्याने मनास येईल तशी घ्यायची नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे हा हक्काचा दावा होता. हक्क असणे आणि हात पोचणे यांत किती अंतर असते, हे ज्याने सातबाराचा उतारा हातात असूनही जमिनीचा ताबा मिळवण्यासाठी खेटे घातले आहेत, त्याला वेगळे सांगायला नको.

आता हा दावा त्याच काळात का पुढे आला? एक मोठे कारण तोफ. त्याआधी युरोपातला राजा म्हणजे सरदारांतला पहिला सरदार. लढाई आली की सरदारांनी आपापली माणसे घेऊन यायचे आणि ती संपली की घरी जायचे. तोफा आल्या आणि उंच, सरळ भिंतींचे जुने गढीकोट निकामी झाले. त्यांच्या जागी बसक्या, जाड आणि टोकदार बुरुजांच्या तटबंद्या आल्या. त्या बांधायच्या, त्यांवर तोफा चढवायच्या, पगारी शिपाई बारा महिने बाळगायचे, तर खर्च एकट्यादुकट्या सरदाराच्या आवाक्यातला राहिला नाही. पैसा लागला म्हणून कर आला. कर आला म्हणून कारकून आला आणि त्याची वही आली. चौदाव्या लुईची फौज १६९० नंतरच्या दशकात साडेतीन-चार लाखांच्या घरात गेली होती. एवढ्या माणसांना खायला घालायचे, तर गावोगावची जमीन आणि उत्पन्न मोजलेले असावे लागते. आपण ज्याला आधुनिक राज्य म्हणतो, ते या गरजेतून उभे राहिले. वसईच्या तटाचे कोनदार बुरुज पाहा. ते त्याच नव्या विद्येचे, युरोपातून आणलेले बांधकाम आहे.

पण वसईत तटाच्याही आधी तह झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीने अडचणीत आला होता. २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो दा कुन्हाशी तह केला आणि वसई, तिच्या मुलखासह आणि उत्पन्नासह, पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला देऊन टाकली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईला येऊन पोर्तुगीज परवाना घ्यावा, असेही त्यात ठरले. गोवा, कोचीन, होर्मुझ ही सारी बंदरे. वसईचे वेगळेपण असे, की इथे राजाला व्यापाराबरोबर भरघोस पिकणारी जमीनही मिळाली. भात, ऊस, नारळ, पानवेली, मीठ. आणि जमीन आली, की तिचा हिशेब आला.

हा हिशेब १५५४ साली सिमाँव बोतेल्यू नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने मांडला. तो राजाच्या खजिन्याचा हिंदुस्थानातला प्रमुख. त्याने पोर्तुगीज अमलाखालच्या सगळ्या ठाण्यांच्या जमाखर्चाची जी नोंदवही तयार केली, ती आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि तिच्यात वसईची गावे आहेत. मला या वहीत सर्वांत गंमत वाटते ती तिच्या शब्दांची. भाषा पोर्तुगीज, पण आत 'परगणा' आहे, 'ठाणेदार' आहे, भाताची मोजणी 'मुड्या'त आहे आणि भाताला शब्दही 'भात' हाच, थोडा वाकडा केलेला. नव्या राजाने नवी घडी बसवली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात सुलतानाची घडी होती तशीच उचलून तिच्यावर आपला शिक्का मारला. फ्रान्समध्ये याहून फार वेगळे घडत नव्हते. लुईच्या राज्यातही प्रांतोप्रांतीचे कायदे, वजने-मापे, मिठावरचे कर वेगवेगळेच होते आणि ते १७८९ च्या क्रांतीपर्यंत तसेच राहिले.

वही झाली, पण वसूल कोणी करायचा? लिस्बनहून हजारो कारकून पाठवणे अशक्य. तेव्हा राजाने सौदा केला. गावेच्या गावे आपल्या माणसांना भाडेपट्ट्याने दिली. पट्टा बहुतेक वेळा तीन पिढ्यांचा असे. पट्टेदाराने दरवर्षी ठरलेले भाडे खजिन्यात भरायचे, वेळ आली की घोडा आणि शस्त्र घेऊन मुलखाच्या रक्षणासाठी उभे राहायचे. बाकीचे उत्पन्न त्याचे. या भाड्याला पोर्तुगीज शब्द 'फोरू'. मुंबईतला फोरास रोड आपण सारे ऐकून आहोत. त्या नावात हेच भाडे लपले आहे. मुंबईच्या जमीन-महसुलातला 'फझिंदार' हा शब्दही त्याच घरातला, पोर्तुगीज 'फझेंदा'ला आपले फारसी 'दार' चिकटवून केलेला. मुंबई बेट तेव्हा वसईच्याच अखत्यारीत होते आणि त्याचा एक पट्टेदार होता गार्सिया द ओर्ता, हा पोर्तुगीज वैद्य. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनौषधींवरच्या ग्रंथात हे बेट राजाने आपल्याला कायम पट्ट्याने दिल्याचे तो सांगतो. हा ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला, ख्रिस्ती झालेला. तो मेल्यावर, १५८० साली, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. राजाचा पट्टा हाती होता, तरी राजाच्याच दुसऱ्या संस्थेपासून त्या पट्ट्याने त्याला वाचवले नाही.

पट्टेदाराला हक्क कायम करून घ्यायला लिस्बनची मान्यता लागे. तीन पिढ्या संपल्या, की पुन्हा अर्ज. कागदावर पाहिले तर दोरी राजाच्या हाती. पण तीच जमीन लेकीला हुंड्यात दिली जाई, विधवेच्या नावावर चढे, मठाला दान होई. धर्मसंघांनी परवानगीशिवाय जमिनी घेऊ नयेत म्हणून राजाकडून पुन्हापुन्हा हुकूम येत. एकच हुकूम पुन्हापुन्हा का काढावा लागतो, हे ज्याचे त्याने ओळखावे. साष्टीत, म्हणजे आजच्या मुंबईच्या उपनगरांच्या जमिनीवर, जेझुइटांच्या मालकीचा पसारा केवढा तरी वाढला होता. राजाला उत्पन्न हवे होते आणि पट्टेदाराला जमीन. दोघांना एकमेकांशिवाय गत्यंतर नव्हते. हा सौदा म्हणजेच राज्य, असे मी म्हणेन.

या सौद्यात खळ्यावर राबणाऱ्या कुणब्याला कोणी विचारले नाही. त्याच्या दृष्टीने सुलतानाचा ठाणेदार गेला आणि फझिंदार आला. वर कुठेतरी राजा आहे हे त्याला ठाऊक असे, ते चर्चमधल्या प्रार्थनेतून किंवा दवंडीतून.

चर्चचा उल्लेख आला, तर तेही सांगतो. त्या काळच्या युरोपात राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म, हे तत्त्व रुजत होते. जर्मनीत १५५५ च्या तहाने ते मान्यच झाले. पोर्तुगालच्या राजाला तर पोपनेच पूर्वेकडच्या चर्चचे पालकत्व दिले होते. बिशपचे नाव राजा सुचवी, पाद्र्यांचा खर्च राजाच्या खजिन्यातून होई. त्यामुळे आपल्याकडे चर्च हाही राजसत्तेचा एक हात होता. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या उघड धर्माचरणावर बंधने आली, हे खरे आहे. लोकांनी धर्म बदलला तो काहींनी श्रद्धेने, काहींनी धाकाने, काहींनी जमिनीच्या आणि पोटाच्या आशेने. आज चारशे वर्षांनी प्रत्येक घरामागचे कारण वेगळे करून दाखवणे कोणाला शक्य नाही. मात्र एक गोष्ट राज्याच्या इतिहासात महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत कोळ्याचे, वाडवळाचे, कुणब्याचे नाव लिहिले गेले आणि त्यापुढे बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव लागले. परेरा, डिसिल्वा, लोपीस. फझिंदाराच्या वहीत गाव होते, माणूस नव्हता. चर्चच्या वहीत माणूस आला. घरात बोली मात्र सामवेदी आणि वाडवळीच राहिली. तिथवर कोणत्याच राजाचा हात पोचला नाही.

आता अंतराचे पाहू. लिस्बनची जहाजे मार्च-एप्रिलात निघत आणि पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याला लागत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत सुटत. म्हणजे वसईच्या कप्तानाची तक्रार राजाकडे जाऊन तिचे उत्तर यायला दीड-दोन वर्षे सहज लागत. या पत्रव्यवहाराच्या वह्या गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि त्यांचे नावच 'मोसमाच्या वह्या' असे आहे. राज्यकारभार वाऱ्यावर चालायचा, हे इथे शब्दशः खरे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचून हे कागद लावले आणि मराठी वाचकांपुढे त्यांतले पुष्कळसे आणले, म्हणून आज आपल्याला यावर बोलता येते.

दीड वर्षाने येणाऱ्या उत्तराची वाट कोण पाहणार? कप्तानाची नेमणूक साधारण तीन वर्षांची असे. तीही आधी दिलेल्या वचनांच्या रांगेतून. आपला नंबर लागण्याआधीच कित्येक जण मरून जात. पुढे तर पदे विकलीही गेली. तीन वर्षांत घातलेला पैसा वसूल करून वर कमवायचे, हा त्यातला उघड हिशेब होता. जकातीसारखे कर मक्त्याने दिले जात, बोली लावून. आणि बोली लावणाऱ्यांत इथले हिंदू सावकार-व्यापारीही असत. फ्रान्समध्येही पदे विकली जात होती आणि कर मक्तेदारच गोळा करत होते, तेव्हा याला पोर्तुगीजांचा खास ढिसाळपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. आपल्या भाषेत मात्र या कारभाराच्या खुणा राहिल्या. पाव, बटाटा, अननस हे पोर्तुगीजांचे देणे आपण कौतुकाने सांगतो. 'पगार' आणि 'लिलाव' हेही त्यांचेच. 'तुरुंग'ही त्यांच्याच 'त्रोंको'वरून आला असे मानतात. स्वयंपाकघराइतकेच त्यांचे राज्य या तीन शब्दांत दिसते.

१५८० साली पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि स्पेनचा दुसरा फिलिप तिच्यावर बसला. म्हणजे साठ वर्षे वसईचा धनी माद्रिदला होता. वसईत कोणाला त्याचा फारसा पत्ता लागला असेल असे वाटत नाही, कारण फिलिपने १५८१ साली पोर्तुगालच्या सभेपुढे शपथ घेतली होती, की पोर्तुगालचे कायदे आणि पदे पोर्तुगीजांकडेच राहतील. अर्ध्या जगाचा धनी म्हणवणाऱ्या राजालाही गादी मिळवायला वचने द्यावी लागली. १६४० साली पोर्तुगीज सरदारांनी ब्रागांझा घराण्याला गादीवर बसवून स्पेनचे जू झुगारले, आणि तिथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

साल १६६१. मार्चमध्ये फ्रान्सचा मुख्य मंत्री माझारँ वारला आणि बावीस वर्षांच्या लुईने जाहीर केले, की यापुढे आपला मुख्य मंत्री आपणच. अनियंत्रित राजेशाहीचा कळस तिथून सुरू झाला असे पुस्तके सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला एक विवाहकरार झाला. पोर्तुगालच्या सहाव्या अफोन्सोची बहीण कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. हुंड्यात वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतले टँजियर आणि आपले मुंबई बेट. पोर्तुगालला स्पेनविरुद्ध आणि पूर्वेत डचांविरुद्ध इंग्लंडचा आधार हवा होता. लंका हातची गेलीच होती. राजाने बेट दिले. त्या बेटावर पट्टेदार होते, बागायती होत्या, चर्चे होती, कोळीवाडे होते. कोणाला विचारले नाही. हक्काच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा अनियंत्रित काय असेल?

आता हाताच्या बाजूने पाहा. १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रज आरमार सर अब्राहम शिपमनला आणि काही शे शिपायांना घेऊन मुंबईपुढे आले. त्याच आरमारातून पोर्तुगीजांचा गोव्याचा नवा प्रमुख आंतोनियो दि मेलो इ कास्त्रोही आला होता. त्याच्याच राजाचा हुकूम, त्याच्याच समोर आलेली माणसे. त्याने बेट द्यायला नकार दिला. कागदपत्रे रीतसर नाहीत, अधिकारपत्रात त्रुटी आहे, अशी कारणे पुढे झाली. सरकारी कचेरीत आयुष्यात एकदाही गेलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल. आरमार परत गेले. शिपमन आपली माणसे घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला आणि तिथे तापाने नि हालअपेष्टांनी ती माणसे पटापट मेली. १६६४ साली शिपमनही तिथेच वारला.

लिस्बनहून पुन्हा हुकूम आले. तिकडे मधल्या काळात राजमातेच्या हातून कारभार गेला होता आणि काही वर्षांनी, १६६७ साली, अफोन्सोच्या सख्ख्या भावाने त्यालाही बाजूला सारून पुढे कोंडूनच ठेवले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबई इंग्रजांकडे गेली. कागदावर सह्या झाल्या त्या बेटाची पट्टेदारीण दोना इग्नेझ दि मिरांदा हिच्या घरात. तेही नुसते बेट. माहीम त्यात येत नाही असा वाद पोर्तुगीजांनी घातलाच. आणि अटी अशा घालून घेतल्या, की पट्टेदारांच्या जमिनी आणि लोकांचा धर्म अबाधित राहावा. मुंबईत इंग्रज बसला, की आपला हिंदुस्थान गेला, असे मेलो इ कास्त्रोने राजाला कळवले होते. तो बरोबर होता. हुकूम मोडणारा नोकर राजापेक्षा दूरचे पाहत होता, आणि हुकूम अखेर पाळला तोही त्यानेच.

योगायोग असा, की त्याच १६६५ च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजाने एका कायद्यावर सही केली. राजा सर्व मानवी कायद्यांच्या वर आहे आणि ईश्वराखेरीज कोणालाही जबाबदार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. युरोपात अनियंत्रित सत्तेचा असा लेखी कायदा एवढाच. तो तिकडे लिहिला जात असताना इकडे माहीमच्या जकातीवरून पोर्तुगीज आणि इंग्रज भांडत होते.

आपल्याकडच्या मुत्सद्द्यांना हे सगळे कसे दिसत होते? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' साधारण १७१५ च्या सुमाराचे. त्यात टोपीकरांविषयी जो विचार आहे, तो मला आजही थक्क करतो. हे सावकारी करायला आलेले दिसतात, पण इतर सावकारांसारखे ते नाहीत. यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा आहे आणि त्याच्या हुकमाने हे येतात. हाती आलेले ठिकाण मेल्याशिवाय सोडत नाहीत, असा त्याचा आशय आहे. वखारीच्या मागे उभे असलेले राज्य ओळखणारा माणूस आपल्याकडे होता. त्याच ग्रंथात वतनदारांविषयीही सावधगिरीचा इशारा आहे: हे म्हणायला चाकर, पण खरे तर राज्यातले लहान-लहान वाटेकरी. लुईच्या मंत्र्याने आपल्या सरदारांविषयी हेच लिहिले असते. प्रश्न सगळीकडे एकच होता: जमीन धरून बसलेल्यांना मोडताही येत नाही आणि मोकळे सोडताही येत नाही.

पोर्तुगालच्या राजाला मात्र मध्येच घबाड मिळाले. १६९० नंतर ब्राझीलमध्ये सोन्याच्या खाणी सापडल्या आणि निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. याचा परिणाम मोठा मनोरंजक झाला. पोर्तुगालमध्ये पाद्री, सरदार आणि नगरांचे प्रतिनिधी यांची एक सभा असे. नवा कर बसवायचा तर ती बोलवावी लागे. सोने आले आणि मागायची गरजच उरली नाही. १६९७-९८ नंतर ती सभा थेट १८२० पर्यंत भरली नाही. १७०६ साली गादीवर आलेल्या पाचव्या जुआंवने तिला एकदाही बोलावले नाही. १७१७ साली त्याने माफ्रा इथे अवाढव्य मठ-राजवाडा बांधायला घेतला. लुईच्या व्हर्सायची ईर्षा त्यात होती असे म्हणतात. पोर्तुगालचा राजा याहून जास्त अनियंत्रित त्याआधी कधीच नव्हता.

आणि त्याच राजाच्या काळात वसई गेली.

१७३७ साली मराठ्यांनी साष्टीची मोहीम काढली. ठाणे पडले, अर्नाळा पडला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी इथलीच माणसे वर्षानुवर्षे पुण्याकडे खेपा घालत होती, 'साष्टीच्या बखरी'त ते सगळे आले आहे. फझिंदारांनी घोडा घेऊन उभे राहायचे ही जुनी अट तोवर कागदावरच उरली होती. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी वसईला मोर्चे लावले. आत पैसा नव्हता. पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराकडे, जॉन हॉर्नकडे मदत मागितली. त्याने दिली ती तुटपुंजी, आणि कर्ज दिले तेही चर्चमधली चांदीची उपकरणी तारण घेऊन. लिस्बनला सोन्याचा पूर होता आणि वसईला शिपायांच्या पगारासाठी देवाघरची भांडी गहाण पडली. ज्या बेटाकडे हात पसरला, ते हुंड्यात दिलेले बेट.

इथे इंग्रजांचे एक सांगायला हवे. त्यांच्या राजाचे हात १६८८ च्या क्रांतीने पार्लमेंटने बांधून टाकले होते. पण पार्लमेंट कर मंजूर करते म्हणून सावकारांचा विश्वास बसला, १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि हात बांधलेल्या राजाचे सरकार मोकळ्या राजांपेक्षा कितीतरी स्वस्त व्याजाने कर्ज काढू लागले. मुंबई तर चार्ल्सने १६६८ सालीच वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली होती. ती वाढली, तशी वसई उतरत गेली.

मराठ्यांचीही माणसे फार पडली. सुरुंग उलटले, चढाया मागे रेटल्या गेल्या. किल्ल्याचा सेनापती सिल्वेरा दि मेनेझिस लढताना मारला गेला. अखेर मे महिन्यात सान सबास्तियांवच्या बुरुजाला खिंडार पडले आणि काएतानो दि सौझा परेराने शरणागतीच्या कलमांवर सही केली. फौजेने आपली हत्यारे घेऊन, निशाणे फडकावीत, वाजतगाजत बाहेर पडावे; कुटुंबांनी चीजवस्तू न्यावी; मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, अशी ती कलमे होती आणि चिमाजीअप्पांनी ती पाळली. २३ मे १७३९ रोजी पोर्तुगीज वसईबाहेर पडले. फझिंदार गेले, त्यांचे पट्टे गेले. कुणबी, कोळी, वाडवळ, सामवेदी होते तिथेच राहिले, आडनावांसह.

ही बातमीही नेहमीच्याच वाटेने, वारा पाहून लिस्बनला गेली. पाचव्या जुआंवने मग आरमार सज्ज केले, नवा व्हाइसरॉय नेमला आणि ताज्या दमाची फौज पाठवली. ती गोव्याच्या बंदरात उतरली १७४१ च्या मे महिन्यात. तोवर वसईला मराठ्यांचे सरसुभेदार शंकराजी केशव बसले होते आणि परगण्याचा दोन हंगामांचा वसूल शाहू छत्रपतींच्या नावाने जमा झाला होता.